खोतांच्या घरून कोण?

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई मुख्याध्यापकांना 'अरे' म्हणायच्या आणि खेकड्यांना 'अहो'.

मुख्याध्यापकांना 'अरे' म्हणण्यात तसं गैर काही नव्हतं. ते बाईंचेच विद्यार्थी. आठवीत असताना कोकण उजव्या बाजूला काढलं म्हणून बाईंनी त्यांना बाकावर उभं केलं होतं, आणि दर गॅदरिंगच्या आधी स्टाफरूममध्ये ही आठवण निघायचीच. पण खेकडे, बगळे, शाळेचा शिपाई, दारात आलेला गॅसवाला या सगळ्यांशी मात्र बाई अहो-जाहो करत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "ज्यांना मी काही शिकवलं नाही त्यांना अरे कसं म्हणू?" मी नुकताच मराठीचा शिक्षक म्हणून लागलो होतो, आणि कोणी कोणाला काय म्हणावं याबद्दल माझी मतं फार पक्की होती. हे उत्तर मात्र त्यांत कुठे बसेना.

बाईंच्या डब्याची वेळ खाडी ठरवायची. खाडीला पूर्ण भरती आली की त्यांना भूक लागे, आणि भरती तर रोज पाऊण तास पुढे सरकते. त्यामुळे सोमवारी बाई दुसऱ्या तासाला जेवायच्या, मंगळवारी तिसऱ्या, आणि आठवडा संपता संपता जेवण शाळेबाहेर जाऊन पडायचं. एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले ते नेमके नववी ब मध्ये शिरले. बाई एका हाताने फळ्यावर नर्मदा काढत होत्या आणि दुसऱ्या हातात पोळीची गुंडाळी होती. साहेब म्हणाले, "बाई, हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या, "पूर्ण भरती." साहेबांनी वहीत काय लिहिलं देव जाणे. नववी ब ला मात्र भरती-ओहोटीवरचा प्रश्न कधी चुकला नाही.

मी डोंबिवलीत आलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. बाई राहायच्या त्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर, मी एक खोली भाड्याने घेतली. तेव्हा गावात जिथे बघावं तिथे विटांचे ढीग आणि वाळूचे ढिगारे. कारखान्यांच्या बाजूचा वारा सुटला की दवाखान्यात बसल्यासारखा वास यायचा, आणि भेटेल तो माणूस आधी एकच प्रश्न विचारायचा, "जागा घेतली का?" पूजेला गेलं तरी जागा, मयताला गेलं तरी जागा. माणसं गॅलऱ्या बंद करून त्यात पोरांच्या अभ्यासाची सोय करत होती. आणि अशा गावात आमच्या बाई, चांगल्या पिढीजात जमिनीच्या मालकीण, तिचा बांध फुटका ठेवून चार वर्षं आरामात बसल्या होत्या.

ही जमीन म्हणजे गावाबाहेर, खाडीच्या काठाला लागलेली खार, खारजमीन. बाईंचा कोणी एक पूर्वज, खोत. त्याला त्या वेळच्या राजाने सांगितलं म्हणे, खाडीचं पाणी बांध घालून जेवढं मागे सारशील तेवढी जमीन तुझी. त्याने बांध घातला. काठावर एक दगड उभा केला, त्याच्यावर चंद्र आणि सूर्य कोरलेले. म्हणजे ते दोघं आहेत तोवर जमीन खोताची. मग कित्येक पिढ्या त्या बांधाच्या आत भात झालं. पुढे खोतकी गेली, कुळकायदा आला, कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी झाल्या. "व्हायलाच हव्या होत्या," बाई म्हणत. उरली ती अगदी खाडीलगतची खोलगट पट्टी, आणि खोतांच्या घरात उरल्या एकट्या बाई. त्या पट्टीच्या आतल्या अंगाला दुसरा एक बांध होता, आणि त्याच्यामागे आगरी गावाची शेतं. चंद्र-सूर्याच्या त्या दगडावर बाई आपली छत्री अडकवत असत.

एका पावसाळ्यात, मोठ्या उधाणाला, बाईंचा खाडीकडचा बांध कोपऱ्याजवळ फुटला. त्या भागात याला खांड पडली म्हणतात, आणि खांड पडली की गावाचा एक रिवाज होता. बांध कोणाचाही असो, दर घरातून एक माणूस यायचा. गावचे हिराजी पाटील बांधावर उभे राहून एकेका घराचं नाव पुकारायचे, त्या घरच्या माणसाने "हाय" म्हणायचं आणि चिखलाला हात घालायचा. वही नाही, सही नाही. काम संपलं की प्रत्येकाने ओल्या चिखलावर आपला पंजा उठवायचा. हिराजींच्या वडिलांनी खोतांकडे भात लावलं होतं, त्यांचा स्वतःचा पंजा त्या बांधावर किती वेळा उठला असेल कोण जाणे. ते लगेच बाईंकडे आले.

"बाय, खांड परली. मानसं बोलवू क?"

बाई म्हणाल्या, "जरा थांबा हिराजी. पाणी काय करतंय ते बघू."

हे 'जरा' म्हणजे चार वर्षं.

मला बाईंनी पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा मी नवे बूट घालून गेलो होतो. मी पुण्याकडचा, कोरड्या गावचा माणूस. माझ्या समजुतीप्रमाणे जमीन ही खाली असते आणि स्थिर असते. तिथे ओहोटीला सगळा चिखल चमकत पडला होता, आणि त्या चिखलातून बारीक आवाज येत होते. टप, टिप, चुर्र. जणू कोणीतरी फार हळू, मनातल्या मनात काही पाठ करत होतं. मी विचारलं, हे काय वाजतंय? बाई म्हणाल्या, "काही नाही, ते आपसात बोलतायत." मग एका बिळाकडे वाकून म्हणाल्या, "अहो, हे आमचे नवे सर. मराठीचे आहेत." बिळातला एक लाल नांगीचा खेकडा खरोखरच बाहेर आला, माझ्या बुटांकडे बघितल्यासारखं केलं आणि आत गेला. मला तो अपमान वाटला होता, हे आज कबूल करतो.

त्या फुटक्या जागेतून पाणी दिवसातून दोनदा आत यायचं आणि दोनदा जायचं. पहिल्या वर्षी नुसता चिखल. दुसऱ्या वर्षी चिखलात हिरवी बोटं वर आली, ती खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या तिवराची रोपं. कोणी लावली नव्हती. बिया पाण्यावर तरंगत आल्या आणि राहिल्या. मग निवट्या आल्या, चिखलावर उड्या मारणारे ते डोळेबाहेरचे मासे. चिंबोऱ्या आल्या. बगळे तर असे येऊन बसले की जणू हे मधल्या दोनशे वर्षांत कुठे बाहेरगावी गेले होते आणि आता घर उघडलं म्हणून परतले. "तुम्ही इथे नक्की काय करता?" असं मी बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते त्या सगळ्यांनाच देत, नातेवाइकांना, तलाठ्याला, पांढऱ्या सफारीतल्या बिल्डरलाही. "मी काही करत नाही हो. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच होतंय."

एक मात्र त्या न चुकता करत. मधला बांध, गावाच्या शेतांचा, त्याला ढिलाई नाही. हिराजींनी पुकारा केला की "खोतांचं घर?" या हाकेला बाई स्वतः "हाय" म्हणून पदर खोचून चिखलात उतरत. खारं पाणी माझ्या घरात आलं तर ती माझी हौस, शेजाऱ्याच्या भातात गेलं तर तो माझा गुन्हा, असं त्यांचं म्हणणं.

माझे रविवार तिकडे जाऊ लागले ते बाईंच्या डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणायचे, अजून पिकू दे. तोवर बाईंना सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसे. त्या बांधावर घडीच्या स्टुलावर बसत, मी शेजारी रुमाल पसरून. मग म्हणत, "सांगा."

"काय सांगू?"

"काय दिसतंय ते. तुम्ही भाषेचे शिक्षक ना?"

मी सांगायचो. पाणी आलंय. झाडं उभी आहेत. बगळा आहे. बाई विचारायच्या, कोणता बगळा? पाय कसले? उन्हाकडे तोंड की पाठ? मला काय ठाऊक, बगळा म्हणजे बगळा. सुरुवातीला मी चक्क थापा मारल्या. एकदा कंटाळून म्हणालो, "तो तिकडे एक जांभळा बगळा बसलाय." बाईंचा चेहरा इतका उजळला की मला पुढे माघार घेता येईना. "मान कशी आहे? नागमोडी?" मी म्हटलं, "नागमोडी." "मानेवर तांबूस पट्टे?" "आहेत ना." त्या दिवसापासून तो जांभळा बगळा मला जवळजवळ दर रविवारी दिसू लागला.

पण रोज थापा मारायच्या तरी नीट बघावं लागतं. हळूहळू मला कळायला लागलं की भरतीचं पाणी एकदम येत नाही. आधी चिखलाच्या बारीक घळ्या काळ्या होतात, मग त्यात आभाळ उतरतं, मग कुठून तरी एक तरंग येतो आणि तिवराच्या रोपांची पावलं बुडवून थांबतो. मी बोलत असायचो, बाई डोळे मिटून ऐकत असायच्या, आणि मागे डोंबिवलीच्या इमारतींवर संध्याकाळचा कारखान्यांचा गुलाबी धूर. कधीकधी मला कळेनासं व्हायचं की हे मला दिसतंय म्हणून मी सांगतोय, का मी सांगतोय म्हणून ते तिथे आहे. असे रविवार मला पुन्हा मिळाले नाहीत.

तरीही मला कंटाळा यायचा, हेही खरं. लग्नाचं बघत होते घरचे, आणि मी रविवारी चिखलाच्या काठावर म्हातारीला बगळे सांगत बसलेलो.

दिवाळीच्या आधी मोतीबिंदू पिकला. ठाण्याच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं. त्या काळी हे काम मोठं असायचं, डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही, मग बरेच दिवस काळोखात आराम, आणि शेवटी जाड भिंगांचा चष्मा. बाई भाचीकडे नौपाड्याला राहणार होत्या. खारीच्या काठावर त्यांची एक कौलारू खोली होती, निघताना त्यांनी मला तिची किल्ली दिली. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं नुसता हिरवा धूर बघतेय. आता आले की एकेक पान बघणार आहे. तोवर लक्ष ठेवा, सर."

बाई ठाण्याला गेल्या आणि दहा-बारा दिवसांत हिराजी शाळेत आले. मधल्या सुट्टीत, फाटकाजवळ, टोपी हातात घेऊन उभे.

"मास्तर, बायचा बांध घालताव आमी. परवा भांग हाय, पानी कमी असंल." भांग म्हणजे उधाणाच्या उलट, भरती सर्वांत लहान असते ते दिवस.

मी म्हटलं, "पण बाईंनी सांगितलंय का?"

"ती कनाला सांगंल? चार सालं झाली, फुटका बांध तसाच हाय. एकली बाय, मागं-पुढं कोन नाय. लाजते ती मानसं बोलवाया. खोताच्या बांधाला खांड, आन गाव बसलाय बघत. माजा बापूस असता त मना घरात नसता घेतला." मग आवाज बारीक करून म्हणाले, "तुमी बोलू नका तिना. डोलं सुधरून येल, तवा बघंल."

आता इथे मी एक वाक्य बोलायला हवं होतं. बाईंना तो बांध फुटकाच हवा आहे, एवढंच. सगळ्या गावाला जे अडाणीपणाने, प्रेमाने कळलं नव्हतं, ते मला एकट्याला माहीत होतं. मी बोललो नाही. मला वाटलं, बरं होईल. जमीन वाळेल, बाई शहाण्या माणसासारख्या भात लावायला देतील, नाहीतर विकून मोकळ्या होतील, आणि माझे रविवार सुटतील. वर पुन्हा हिराजींचा तो चेहरा. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी स्वतःला सांगितलं की अशा माणसाचं मन मोडणं बरं नव्हे. भ्याडपणाला चांगुलपणाचं नाव द्यायला मला तेव्हाही वेळ लागत नसे.

नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ ठीक. पण परवाच्या दिवशी रविवार होता आणि मी बघायला गेलो. सगळं गाव बांधावर. बायका, पुरुष, सुनांपासून सासऱ्यांपर्यंत, दर घरचं एक माणूस. पेंढा आणि चिखल, थरावर थर, हातोहात जात होता. हिराजी घरं पुकारत होते आणि उत्तरं येत होती, हाय, हाय, हाय. मग त्यांनी पुकारलं, "खोतांचं घर?"

सगळे थांबले. हिराजींनी माझ्याकडे बघितलं. माझ्या खिशात किल्ली होती.

मी "हाय" म्हणालो आणि बूट काढून उतरलो.

संध्याकाळी सगळ्यांनी पंजे उठवले. माझाही उठला. खडूने झिजलेली, बारीक बोटांची ती खूण त्या सगळ्या रुंद पंजांत ओळखू येत होती. मला त्या दिवशी फार छान वाटत होतं, तेही सांगून टाकतो. आयुष्यात पहिल्यांदाच आपण कशात तरी आहोत असं वाटलं होतं.

बाई परत आल्या त्या थंडी पडल्यावर. भिंगं एवढी जाड की डोळे लिंबांएवढे दिसत. स्टेशनवरून रिक्षाने थेट खारीवर. हिराजींना कळवलेलं होतं, ते अर्ध्या गावाला घेऊन उभे. त्यांनी बाईंचा हात धरला आणि लहान मुलीला जत्रेत न्यावं तसं बांधापर्यंत नेलं.

आत पाणी नव्हतं. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तिवराची पानं पिवळी, काठाची रोपं तर उभ्या उभ्या वाळलेली. एकही आवाज नव्हता. बाई बघत राहिल्या. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते एकेक पान त्यांना आता स्वच्छ दिसत होतं.

मी मागे उभा होतो.

बाई वाकल्या. बांधावरच्या सुकलेल्या पंजांवरून त्यांनी बोटं फिरवली. एक, मग दुसरा, मग तिसरा.

"सगळे आले होते?"

"घरटी एक," हिराजी छाती पुढे काढून म्हणाले.

"माझ्या घरून कोण होतं?"

हिराजींनी माझा पंजा दाखवला. "यो काय. मास्तर व्हता ना तुज्या घरचा."

बाईंनी मान वळवून त्या प्रचंड डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आमचं घर रिकामं नाही राहिलं." मग हिराजींना म्हणाल्या, "फार सुरेख काम झालंय. अगदी सरळ." आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायला खोलीकडे निघाल्या. वाटेत एका बिळापाशी थांबल्या. बिळाच्या तोंडाशी कोळिष्टक धरलं होतं.

त्यानंतर त्यांनी भरतीला जेवणं सोडलं. चारचौघांसारखा मधल्या सुट्टीत डबा उघडत. स्टाफरूम खूश झाली, की बाईंना दृष्टी आली तशी अक्कलही आली. मला मात्र तो डबा उघडल्याचा आवाज ऐकवत नसे. एकदा मी विचारलं, "बाई, तुम्ही हिराजींना सांगत का नाही?" म्हणाल्या, "काय सांगू? तुम्ही माझ्यासाठी हातांनी केलंत ते मोडा म्हणून? माझ्या पूर्वजाने राजाकडून जमीन मिळवली, सर. पण न बोलावता त्याच्या बांधावर कोणी आलं असेल असं वाटत नाही मला." मग म्हणाल्या, "तो बिल्डर आला होता परत. टेप घेऊन. आता जमीन कोरडी आहे ना."

त्याच संध्याकाळी मी हिराजींच्या घरी गेलो. ते अंगणात जाळं शिवत होते, त्यांच्या पत्नी, भिमाबाय, चुलीपाशी. मी उभ्यानेच सांगून टाकलं. बाईंना बांध फुटलेलाच हवा होता. खाडी आत यायला हवी होती. हे मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.

हिराजींची सुई थांबली. "फुटका बांध पायजे व्हता?" ते म्हणाले. "खोतीनीला?" त्या आवाजातला अपमान मी विसरू शकत नाही. त्यांच्या बापाचं सगळं आयुष्य तो बांध धरून ठेवण्यात गेलं होतं.

उत्तर भिमाबायने दिलं, आतूनच. "मंग मी काय बोलत व्हते? चार साल त्या पान्यान चिंबोऱ्या धरल्या, निवट्या धरल्या. बायनी एक दिस हटकला नाय मना. बोलायची, जपून जा, त्यांना लय तुडवू नका. तुना बोलले, बायना इचार. तू बोल्लास, बायकांना बांधातला काय कलतंय!" मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "आन तू रं मास्तर? तुना तोंड नव्हता?"

मी म्हटलं, "नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराजी बाईंच्या दारात. मी जिन्यातच होतो. "बाय," ते म्हणाले, "तुना पानी पायजे व्हता त बोललीस कनाला नाय?" बाई चष्मा काढून पुसत राहिल्या. हिराजी तसेच उभे. मग म्हणाले, "घातलेला बांध मी मोडत नाय. माज्यानं नाय व्हायाचा. पन मधला बांध औंदा खचलाय. त्याला माती लागंल. ती तुज्या बांधाची घेतो. चालंल?"

बाईंनी चष्मा घातला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "चालेल हो," म्हणाल्या.

पुढच्या भांगाला, ओहोटीच्या वेळी, पुन्हा सगळं गाव. घरं पुकारली गेली. "खोतांचं घर?" बाई आणि मी दोघंही एकदमच "हाय" म्हणालो. लोक हसले. हिराजी म्हणाले, "घरटी एक रं!" मग हात झटकून, "ऱ्हाऊ द्या, दोघं बी या." भरलेल्या खांडीतला चिखल पाटीपाटीने निघाला आणि मधल्या बांधावर चढला. शेवटचा थर कोणी काढायचा यावर सगळे अडले. हिराजींनी फावडं बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते भिमाबायला दिलं. भिमाबायने एका दमात काम केलं.

पाणी लगेच आलं नाही. आम्ही मधल्या बांधावर ओळीने बसलो होतो, चिखलाने माखलेले. उन्हं कलली. मग घळ्या काळ्या झाल्या, त्यांत आभाळ उतरलं. मी सवयीने सांगायला लागलो, "बाई, आता तिकडून एक तरंग..." आणि थांबलो. बाई म्हणाल्या, "दिसतंय मला. पण सांगा तुम्ही." मी सांगत राहिलो. पाणी तिवरांच्या पायांपर्यंत आलं तेव्हा बाईंनी पिशवीतून डबा काढला.

पोळी मोडता मोडता म्हणाल्या, "तुमचा तो जांभळा बगळा काही दिसला नाही अजून."

मी म्हटलं, "बाई, तो मी..."

"माहीत आहे. पण असतो हो तो. येईल."

सगळी रोपं जगली नाहीत. जगली ती मात्र नव्वदच्या दशकात माणसाच्या डोक्यावर गेली. बिल्डरची टेप पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही, आणि पुढे भरतीच्या रेषेजवळ बांधकाम करायचं नाही असा सरकारी नियमही आला. बाई निवृत्त झाल्या, जाड भिंगांच्या आड म्हाताऱ्या होत गेल्या, आणि एका हिवाळ्यात, झोपेतच, गेल्या. मुख्याध्यापकांनी शोकसभेत स्वतःच ती कोकणाची गोष्ट सांगितली आणि ते खाली बसले. भरती तेव्हा किती वाजता होती हे मी पाहून ठेवलं होतं.

जांभळा बगळा मला बाई गेल्यानंतरच्या वर्षी दिसला. मान नागमोडी, मानेवर तांबूस पट्टे. त्या दोन्ही गोष्टी बाईंनीच मला सांगितल्या होत्या. तिवरांच्या सावलीत एका पायावर उभा होता, आणि मी आजूबाजूला कोणी नाही हे बघून म्हटलं, "अहो, फार वाट बघायला लावलीत."

आता मधल्या बांधाला माती घालायची असली की गावातून शाळेत निरोप येतो. मी जातो. बूट घरीच ठेवून जातो. हिराजी फार थकलेत, खुर्चीवर बसून पुकारतात. एकेक घर उत्तर देतं. बाईंच्या भाचीला मुलंबाळं नाहीत, खोतांचं असं कोणीच उरलेलं नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी ते नाव गाळत नाहीत.

"खोतांचं घर?"

"हाय," मी म्हणतो, आणि चिखलात उतरतो.